काशाची वाटी आणि मनाची शांती



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तेर्स आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी माझ्यासाठी थांबली. तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांसाठी सकाळी योगाचे वर्ग भरतात, तिथे ती मदतनीस आहे. आसने संपली की लोक चटईवर डोळे मिटून आडवे होतात. त्या वेळी त्यांच्या उशाशी बसून धातूच्या वाट्या वाजवण्याचे काम अलीकडे तिच्याकडे आले आहे. याला साऊंड हीलिंग, म्हणजे नादाने उपचार, असे म्हणतात.

"सर, माका एक विचारूचा आसा," ती हळूच म्हणाली. "मी त्यो वाट्यो वाजवतंय, ह्यां पाप काय ओ?"

घरी आई नाराज होती. शेजारच्या कोणीतरी 'पोरगी आता दुसऱ्या धर्मात चालली' असे बोलूनही दाखवले होते. आणि पगार तर घराला हवाच होता.

मी निवृत्त शिक्षक आहे, धर्मगुरू नव्हे. तिला म्हटले, "आधी मी येऊन बघतो, मग बोलू." आणि एका सकाळी खरोखरच गेलो.

सुरूच्या झाडांखाली पंधरा-वीस माणसे निजली होती. लहानमोठ्या वाट्या गोल गाद्यांवर ठेवल्या होत्या. लाकडी दांडक्याने वाटीवर हळूच टोला द्यायचा किंवा दांडका काठावरून गोल फिरवायचा. वाटीतून एकच स्वर निघत नाही. अगदी जवळजवळचे दोन स्वर एकत्र आले की नाद लाटेसारखा कमीजास्त होतो. तो फार सावकाश विरतो. कान त्याच्यामागे शेवटपर्यंत जातो आणि नकळत श्वासही संथ होतो. त्यात जादू काही नाही.

पण खरे सांगतो, त्या पाऊण तासात मला जी स्वस्थता मिळाली ती कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. मिस्सामध्ये नाही, तेर्सातही नाही. घरी येताना मी आनंदात नव्हतो, अस्वस्थ होतो. एका प्रश्नाचे उत्तर शोधायला गेलो आणि दोन प्रश्न घेऊन परतलो. एक तिचा: हे पाप आहे का? दुसरा माझा: देवाच्या घरी जे मिळाले नाही ते वाटीने कसे दिले?

आधी तिचा प्रश्न घेऊ. या वाट्या काशाच्या, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाच्या. कासे आपल्याला परके नाही. आपल्या आज्या काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळत असत, त्याने डोळ्यांची आग कमी होते म्हणत. बाजारात या वाट्या 'तिबेटी' म्हणून विकल्या जातात. पण तिबेटी मठांत त्या पूर्वापार उपचारासाठी वाजवत असल्याचा भक्कम पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. हिमालयाच्या प्रदेशातील ही भांडी १९७० नंतरच्या काळात पाश्चात्त्य देशांत वाद्ये म्हणून गाजली. १९७२ साली निघालेल्या 'तिबेटन बेल्स' या ध्वनिमुद्रिकेचा त्यात वाटा होता. योगाच्या जुन्या ग्रंथांत नाद आहे. 'हठयोगप्रदीपिका' या ग्रंथाच्या चौथ्या भागात नादावर चित्त एकाग्र करण्याचे वर्णन आहे. पण तो साधकाला आतून ऐकू येणारा नाद आहे. वाटी वाजवून दुसऱ्याला ऐकवण्याची पद्धत अलीकडची. हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर ती आधी आली, आता तेरेखोलची खाडी ओलांडून आपल्याकडेही दिसू लागली आहे.

म्हणजे वाटीला स्वतःचा धर्म नाही. हे आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधील घंटा मराठे सरदारांनी नेल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर, वाईजवळचे मेणवली, भीमाशंकर, अशा ठिकाणी त्या आजही आहेत. ज्या घंटा एकेकाळी आपल्या पूर्वजांना मिस्साला बोलावत होत्या, त्या आज हिंदू बांधवांना दर्शनाला बोलावतात. कासे तेच, नाद तोच. शेजारच्या गोव्यातील घुमटाचेही तसेच. ते गणपतीच्या आरतीत वाजते, ख्रिस्ती घरच्या मांडोतही वाजते. त्याचा ताल ऐकून कोणाची श्रद्धा बुडाली नाही.

संत पौलासमोर असाच प्रश्न आला होता. करिंथच्या बाजारात मूर्तींना वाहिलेले मांस विकले जाई. ख्रिस्ती माणसाने ते खावे की नाही? पौलाने सांगितले की मूर्ती काही करू शकत नाही, मांस हे मांसच आहे. पण तो तिथे थांबला नाही. माझ्या खाण्याने एखाद्या दुबळ्या बंधूच्या श्रद्धेला ठेच लागत असेल तर मी मांसच सोडीन, असेही त्याने म्हटले. म्हणजे मला मोकळीक आहे, पण ती बेफिकीर नाही. म्हणून त्या मुलीने आईला एकदा वर्गाला घेऊन जावे, सर्व दाखवावे, असे मी सुचवले. आपणही कोणाच्या मुलीबद्दल बोलण्याआधी जाऊन बघावे. न बघता केलेली निंदा हे तर आठव्या आज्ञेचे उल्लंघन आहे. वर्गात एखाद्या देवतेची उपासना असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आपल्या शेजाऱ्यांच्या उपासनेचा मान राखावा, आणि म्हणूनच मनात नसताना ती करण्याचा देखावा करू नये. नम्रपणे बाजूला बसावे.

मग यात पाप कशात होऊ शकते? माझ्या मते खोटे बोलण्यात. अमुक स्वराने शरीरातील पेशी दुरुस्त होतात, ५२८ हर्ट्झचा नाद हा चर्चने लपवलेला पवित्र स्वर आहे, अशी पत्रके फिरतात. अकराव्या शतकातील बेनेडिक्टाइन संन्यासी गुइदो यांनी बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या एका स्तोत्रातील ओळींच्या आरंभीच्या अक्षरांवरून स्वरांना नावे दिली, हे खरे. पण हर्ट्झ हे मापच एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचे आहे. गुइदोंना त्यातला आकडा कसा ठाऊक असणार? २०१७ साली अमेरिकेत या वाट्यांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६२ जणांना नाद ऐकवला, त्यांचा ताण आणि उदासपणा कमी झालेला आढळला. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसते शांत पडून राहिले असते तर काय झाले असते, हे त्यावरून कळत नाही. तेव्हा 'याने मनाला विसावा मिळतो' असे म्हणणे प्रामाणिक आहे. 'याने तुमची साखर उतरेल, गाठ विरघळेल' असे आजारी माणसाला सांगणे आणि त्याची गोळी सुटणे हा मात्र शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. मी तिला हेच सांगितले: वाटी वाजव, पण कोणी असे बोलायला लावले तर बोलू नकोस, मग नोकरी गेली तरी चालेल. हे सांगणे मला सोपे होते. पगार माझा नव्हता. म्हणून तशी वेळ आली तर तिच्यासाठी दुसरे काम शोधण्याचे माझ्याकडे लागले, हेही सांगितले.

आता माझा प्रश्न. व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, अविलाच्या संत तेरेजाच्या सणादिवशी, ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना एक पत्र लिहिले. त्यावर कार्डिनल रॅट्झिंगर यांची सही आहे, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. इतर धर्मांतील ध्यानपद्धतींतून चांगले ते घेण्यास पत्र मनाई करत नाही. आपल्याच लोणावळ्याला फादर अँथनी डिमेलो यांनी शरीराची आणि आवाजांची जाणीव ठेवून प्रार्थनेत शिरण्याचे धडे दिले. त्यांचे 'साधना' हे पुस्तक १९७८ साली आले. त्यांच्या काही विचारांबाबत चर्चने १९९८ साली सावधही केले. त्या १९८९ च्या पत्रातील एक इशारा मला नेमका लागू पडला: शरीराच्या काही क्रियांनी आपोआप स्वस्थ वाटते, पण ते स्वस्थ वाटणे म्हणजेच पवित्र आत्म्याने दिलेले समाधान, असे समजणे चूक आहे.

हे चूक का, ते मला शौल राजाच्या गोष्टीत कळले. शौल बेचैन झाला की दावीद वीणा वाजवी आणि शौलाला आराम पडे. तो आराम खरा होता, देवाच्या वचनातच तो नोंदलेला आहे. पण पुढे काय झाले? दावीद वीणा वाजवत असतानाच शौलाने त्याच्यावर भाला फेकला. नादाने राजाचे डोके शांत झाले होते, मत्सर तसाच राहिला होता.

माझा भाला वेगळा आहे. माडांच्या बागेच्या गडग्यावरून थोरल्या भावाशी माझे तीन वर्षे बोलणे नव्हते. त्या सकाळी वर्गातून परतताना त्याच्या घरावरूनच आलो. मन अगदी निवांत होते, आणि तरी मी मान वळवली नाही. उलट मनात आले, इतकी छान शांती मिळाली आहे, कशाला बिघडवा? तेव्हा मला माझी शांती काय लायकीची आहे ते दिसले. करिंथ नगरी काशासाठी प्रसिद्ध होती. तिथल्याच लोकांना पौलाने लिहिले की प्रीती नसेल तर माझे बोलणे म्हणजे नुसते वाजणारे कासे. ते वचन मी वर्गात कितीदा शिकवले आहे. त्या दिवशी ते मला उद्देशून होते.

पण म्हणून शांत बसणे वाईट, असे नव्हे. वारा, भूकंप आणि अग्नी यांनंतर एलिया संदेष्ट्याला देव हलक्या, मंद आवाजात भेटला. मात्र तिथेच गुहेत बसून राहा, असे देवाने त्याला सांगितले नाही. तू इथे काय करतोस, असे विचारले आणि आल्या वाटेने कामाला परत पाठवले. देवाची शांती ओळखण्याची ही खूण मला पटते: ती माणसाला माणसाकडे परत पाठवते. तशी पाठवत असेल तर ती वाटीच्या निमित्ताने मिळाली तरी चांगली. पाठवत नसेल तर तेर्साच्या पन्नास मण्यांनी मिळालेलीही अपुरी.

एक गोष्ट आपल्या घरचीही. पैसे भरून लोक पाऊण तास निःशब्द पडून राहतात, कारण त्यांना शांतता कुठे मिळत नाही. ती आपल्या मिस्साच्या विधीतच सांगितलेली आहे: पश्चात्तापापूर्वी, वाचनांनंतर, कम्युनियननंतर. आपण ती पाळतो का? मागे चपलांचा आवाज, पुढे गायनमंडळाची पाने चाळणे, आणि मी स्वतः माईक नीट करणारा! मला मिस्सामध्ये शांती मिळाली नाही याचा दोष मिस्साचा नव्हता.

चौथ्या दिवशी मी भावाकडे गेलो. गडग्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. वहिनीने चहा दिला, तो आम्ही दोघांनी घेतला, पावसाबद्दल बोललो. वाटेत पाय जड झाले होते आणि मन मुळीच शांत नव्हते. तरी येशूने वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे, ते असेच असावे असे वाटले.

त्या मुलीची आई पुढच्या आठवड्यात वर्ग बघायला जाणार आहे. येत्या रविवारी कम्युनियननंतर आपण सर्वांनी दोन मिनिटे काहीही न गाता, न बोलता बसून बघावे. त्या वेळी ज्याचा चेहरा डोळ्यांपुढे येईल त्याच्याकडे त्याच आठवड्यात जाऊन यावे. प्रभू आपणा सर्वांना ती खरी शांती देवो.

— एक धर्मग्रामवासी