साधनांचे एकीकरण आणि उसनवारीची नीती

साधने वेगवेगळी असावीत, की एकाच साधनात अनेक कार्ये एकवटावीत, हा प्रश्न सामान्यतः सोयीचा मानला जातो. घड्याळ, बॅटरी, रेडिओ, कॅमेरा आणि गणकयंत्र अशी पाच यंत्रे बाळगणे बरे, की या सर्वांचे काम करणारा एकच मोबाइल बरा, याचा निर्णय किंमत, वजन आणि टिकाऊपणा यांच्या हिशेबाने करता येईल, अशी समजूत असते. परंतु ॲरिस्टॉटलने हाच प्रश्न राज्यविचाराच्या अगदी आरंभी उपस्थित केला होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात तो असे प्रतिपादन करतो की, अनेक कामांस उपयोगी पडणारी डेल्फीची सुरी घडवणाऱ्या कारागिरांप्रमाणे निसर्ग हात आखडून वागत नाही. तो एका कार्यासाठी एक वस्तू निर्माण करतो, कारण एकाच कार्यास वाहिलेले साधन ते कार्य उत्तम रीतीने पार पाडते. मात्र हा दाखला दिला आहे तो स्त्री आणि दास हे निसर्गतःच भिन्न आहेत, हे सिद्ध करण्यासाठी. साधनांच्या विभागणीविषयीचा सिद्धान्त तेथे पाहता पाहता माणसांच्या विभागणीचे समर्थन होऊन बसतो. 'एक की अनेक' या प्रश्नाला नैतिक अंग आहे, हे एवढ्यावरूनही स्पष्ट व्हावे.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हा प्रश्न तपासून पाहणे उपयुक्त ठरते, कारण तेथे साधनांच्या दोन्ही व्यवस्था एकाच पिढीच्या अनुभवात आल्या आहेत. पेरणीपूर्वीच्या मशागतीला वखर, पेरणीला तिफण, उगवलेल्या ओळींमधील तण काढण्याला डवरा, अशी येथील कोरडवाहू शेतीची अवजारे परस्परांपासून स्पष्टपणे वेगळी राहिली. प्रत्येकाचा हंगाम वेगळा, आणि दुरुस्तीचे हातही वेगळे: लाकूडकाम सुताराकडे, लोखंडाचे लोहाराकडे. हाताच्या या वेगळेपणाला जातीचे नाव होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात अशा व्यवस्थेचे जे चित्र रेखाटले, त्यात प्रत्येक साधनामागे त्या साधनाशी जखडलेला एक समूह दिसतो. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्चाटनाविषयी लिहिताना, जात ही श्रमांची विभागणी म्हणून समर्थनीय ठरत नाही, कारण ती श्रमिकांचीच विभागणी आहे, असा जो आक्षेप घेतला, तो ॲरिस्टॉटलच्या सुरीलाही लागू पडतो. म्हणून वेगवेगळ्या साधनांच्या जगाविषयी हळहळ व्यक्त करणाऱ्या विचाराने प्रथम या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे.

तरीही त्या जगात एक गुण होता, आणि तो जातिव्यवस्थेपासून तर्कदृष्ट्या वेगळा काढता येतो. ज्याची तिफण मोडली, त्याला शेजाऱ्याची तिफण एका दिवसासाठी मागता येत असे. ती देताना शेजाऱ्याला आपला वखर, आपली बैलजोडी किंवा आपला सातबारा द्यावा लागत नसे. वस्तूच्या या गुणाला 'विलगता' म्हणता येईल. एखादी वस्तू इतर वस्तूंना आणि मालकाच्या व्यक्तित्वाला धक्का न लावता देता, घेता, दुरुस्त करता आणि वारशाने सोपवता येणे, हा तिचा अर्थ. हायडेगरने 'बीइंग अँड टाइम' (१९२७) मध्ये म्हटल्याप्रमाणे साधन एकटे कधीच नसते. ते साधनांच्या आणि प्रयोजनांच्या जाळ्यात असते. विलगता ही कल्पना या मताच्या विरोधात जात नाही. जाळ्याचे धागे परस्परांशी गुंतलेले असले, तरी एक धागा सोडवून दुसऱ्याच्या हाती देता यावा, एवढेच तिचे म्हणणे आहे. उसनवारी, सावड, इर्जिक या ग्रामीण संस्था या शक्यतेवरच उभ्या होत्या.

मोबाइलने विलगता प्रथमपासून नष्ट केली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले, आणि नोकिया ११०० हा बॅटरीचा उजेड देणारा साधा फोन २००३ साली आला. ज्या भागात कृषिपंपांना पाळीपाळीने रात्रीची वीज मिळते, तेथे हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या हातातील फोन आणि बॅटरी एक झाली, ही साधी सोय होती. तो फोन भावाला देता येई, त्यातील कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येई. २००७ साली आयफोन सादर करताना स्टीव्ह जॉब्स यांनी गाण्यांचे यंत्र, फोन आणि इंटरनेटचे साधन ही तीन उपकरणे एकच असल्याचे नाट्यपूर्ण रीतीने सांगितले. तेही कार्यांचेच एकीकरण होते. निर्णायक बदल पुढे घडला. बँकेचे खाते, आधार, अनुदान आणि शासकीय नोंदी जेव्हा मोबाइल क्रमांकाशी जोडल्या गेल्या, तेव्हा त्या यंत्रात माणसाची ओळखही एकवटली. कार्यांचे एकीकरण आणि ओळखीचे एकीकरण या दोन भिन्न घटना आहेत. त्या एकाच वस्तूत घडल्यामुळे त्यांच्यातील भेद दिसेनासा होतो.

यूपीआयची पद्धत २०१६ साली सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली आणि पूर्वी तलाठी करीत असलेली पिकाची नोंद शेतकऱ्याने शेतात उभे राहून, छायाचित्रासह स्वतः करावी, असे ठरले. २०२५-२६ च्या हंगामासाठी भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्यांकरिता 'कपास किसान' या ॲपवर नोंदणीची पद्धत आणली. यांतील प्रत्येक सुधारणेला स्वतंत्रपणे पाहता सबळ कारण आहे: तलाठ्याच्या खेपा वाचतात, मधल्या दलालाचा हात आखडतो, खरेदी केंद्रावरील गर्दी कमी होऊ शकते. परंतु या सर्व सुधारणा एका यंत्रातून जातात. ते यंत्र पाण्यात पडले, त्याची काच फुटली किंवा त्यातील क्रमांक भरणा न केल्याने बंद झाला, तर पैशाचा व्यवहार, पिकाची नोंद आणि कापसाची विक्री ही तीन कामे एकाच क्षणी अडतात. तिफण मोडल्याने फार तर पेरणी लांबत असे.

नुकसानीपेक्षाही गंभीर परिणाम देण्याघेण्याच्या नीतीवर होतो. ज्याला वाचता येत नाही, किंवा ज्याच्याकडे योग्य यंत्र नाही, तो दुसऱ्याची मदत घेतो. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतील कोलाम पोडांवर घरची भाषा द्राविड कुळातली कोलामी असते; पडद्यावरील मराठी ही तेथील वृद्धांची दुसरी भाषा. अशा माणसाला मदत करणाऱ्याच्या हाती केवळ यंत्र देऊन भागत नाही. त्यावर येणारा ओटीपीही सांगावा लागतो, आणि तो सांगणे म्हणजे काही क्षणांपुरते त्या माणसाला आपल्या जागी उभे करणे होय. मदत करणारा प्रामाणिक असेल, बहुधा असतोच. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही. तिफण मागून नेणाऱ्याला शेजाऱ्याच्या सर्वस्वाशी प्रामाणिक राहण्याची गरजच पडत नव्हती. जेथे लहानशा मदतीसाठी संपूर्ण विश्वास टाकावा लागतो, तेथे मदत मागणारा दीन होतो आणि मदत करणाऱ्यावरही अवाजवी भार पडतो. उसनवारीत जो बरोबरीचा भाव होता, त्याची जागा येथे शरणागती घेते.

वारशाच्या बाबतीत हाच दोष अधिक तीव्रपणे जाणवतो. माणूस गेला की त्याचे घड्याळ मुलाच्या मनगटावर येते, रेडिओ घरात वाजत राहतो, हिशेबाची वही ट्रंकेत सापडते. कुणाचे उसने द्यायचे, कृषी केंद्राची उधारी किती, हे त्या वहीवरून कळते. कायद्याने वारसनोंद होते, ठेवीवर दावाही करता येतो. परंतु हिशेब, छायाचित्रे आणि संदेश ज्या यंत्रात आहेत ते कुलूपबंद राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. उरलेल्या घरांत फोन असला तरी तो बहुधा दुसऱ्याचा, म्हणजे पुष्कळदा नवऱ्याचा असतो. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर घेतले गेले, त्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावे लागू नये. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी-विधवेने केले. साहित्यव्यवहाराने अशा स्त्रीच्या वाणीला व्यासपीठ दिले असेल, तर तिच्या हातात कोणती साधने उरतात, हा प्रश्नही त्याला परका मानता येणार नाही.

साहित्यविचाराशी या प्रश्नाचा आणखी एक संबंध आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६८ सालच्या आपल्या निबंधात फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाची चर्चा केली. कथानकाला अनावश्यक असलेली ती वस्तू वास्तवाचा प्रत्यय देते, असे त्यांचे म्हणणे. वास्तववादी कथनाला वेगवेगळ्या वस्तू हव्या असतात, कारण त्यांच्यामुळे माणसांच्या कृती एकमेकींपासून ओळखता येतात. कंदिलाची वात वर करणारा, वहीत आकडा मांडणारा, रेडिओला कान लावणारा आणि छायाचित्र पाहणारा अशी चार माणसे दुरून वेगळी दिसतात. मोबाइलकडे पाहणारा माणूस या चारही कृती एकाच मुद्रेने करतो. घरातल्यांनाही तो बाजारभाव पाहत आहे की रडत आहे, हे कळत नाही. कृती दुसऱ्याला वाचता येणे ही जशी कथनाची, तशीच सहवासाचीही अट आहे. दुःख वेळीच ओळखले जाण्यावर जेथे आयुष्य अवलंबून असते, तेथे ही अट लहान नाही.

या विवेचनावर एक सबळ आक्षेप संभवतो. कॅमेरा, ध्वनिमुद्रक, टंकयंत्र ही वेगवेगळी साधने गरिबांच्या घरी कधी नव्हतीच. एकत्रित यंत्रानेच ती मजुराच्या आणि त्याच्या मुलीच्या हाती दिली. ज्याच्याकडे पाच साधने होती त्याने एकाविषयी तक्रार करावी, हा संपन्नांचा छंद झाला. शिवाय या साधनाला जात नाही. ते दुरुस्त करणाऱ्याचे आडनाव कोणी विचारत नाही. हा आक्षेप पुष्कळ अंशी मान्य केला पाहिजे. आंबेडकरांच्या कसोटीवर एकत्रित यंत्र बलुतेदारीपेक्षा निःसंशय वरचढ ठरते. मात्र तो आक्षेप कार्यांच्या एकीकरणाचे समर्थन करतो. ओळखीच्या एकीकरणाचे समर्थन त्यातून निष्पन्न होत नाही. मजुराच्या मुलीला कॅमेरा मिळण्यासाठी तिच्या आईची मजुरी त्याच काचेमागे अडकलेली असणे आवश्यक नाही.

म्हणून 'एक की अनेक' या प्रश्नाचे उत्तर वस्तूंच्या संख्येत शोधण्याऐवजी विलगतेत शोधावे लागते. व्यवस्थेला हे अशक्य नाही, याचा पुरावा तिच्यातच आहे. ई-पीक पाहणीत एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा ठेवली गेली. म्हणजे यंत्र शेजाऱ्याचे आणि नोंद स्वतःची, हे शक्य मानले गेले. उसनवारीची जुनी समजूत येथे नकळत नियमात उतरली आहे. हाच न्याय इतरत्र लावायचा, तर कापूस घेऊन आलेल्या माणसाला खरेदी केंद्राच्या खिडकीवर कागद दाखवून नोंदणी करता आली पाहिजे, बँकेत पासबुकावर पैसे मिळाले पाहिजेत, आणि यंत्र बिघडल्याच्या दिवशी त्या माणसाचे माणूस म्हणून असलेले हक्क बिघडता कामा नयेत. एवढे पाळले गेले, तर खिशात यंत्र एक असावे की पाच, हा प्रश्न खरोखरच सोयीचा उरेल, आणि तो ज्याचा त्याने सोडवावा.