सरमेचा प्रश्न

महाभारताच्या आदिपर्वात, ग्रंथाला नुकता कोठे आरंभ होतो न होतो तोच, एक कुत्र्याचे पिल्लू रडत आपल्या आईकडे येते. जनमेजय राजा आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र करीत बसला आहे. देवशुनी सरमा हिचे पिल्लू तेथे जाते आणि राजाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. रडणाऱ्या पोराला आई लगेच पाठीशी घालीत नाही. तुझ्याच हातून काही आगळीक घडली असेल, असे ती प्रथम त्यालाच म्हणते. आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, मग त्याला जीभ लावण्याची गोष्टच दूर, अशी त्याने ग्वाही दिल्यावर मात्र ती थेट यज्ञमंडपात जाऊन उभी राहते आणि विचारते, की याचा अपराध कोणता? मंडपातून उत्तर येत नाही. तेव्हा ती शाप देते, की निरपराधाला मारलेत, तर न दिसणारे भय तुमच्यावर येईल. राजा त्या शापाने इतका अस्वस्थ होतो, की सत्र आटोपून हस्तिनापुरास परतल्यावर तो शापाचे निवारण करू शकेल अशा पुरोहिताच्या शोधास लागतो.

वीस वर्षांच्या वकिलीत आम्ही या सरमेचे मनातल्या मनात पुष्कळ कौतुक केले आहे. न्यायासनापुढे जाण्यापूर्वी आपल्याच पक्षकाराची उलटतपासणी घेण्याचे भान किती वकिलांस असते? पण ही कथा आमच्याच घरी येऊन उभी राहील आणि आम्हांस सरमेच्या बाजूला नव्हे, तर राजाच्या भावांच्या रांगेत बसवील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

चार वर्षांपूर्वी आम्ही बेळगावातील आमच्या घरी मालिन्वा जातीचे दोन महिन्यांचे पिल्लू आणले. नाव ठेवले भैरू. ही जात बेल्जियममधील. मालीन, म्हणजे तिकडच्या फ्लेमिश भाषेतील मेखेलन, या नगरावरून तिला नाव पडले. १८९१ च्या नोव्हेंबर महिन्यात आदोल्फ र्यूल नावाच्या पशुवैद्यकाच्या प्राध्यापकाने ब्रुसेल्सजवळ धनगरांची शंभराहून अधिक कुत्री एकत्र जमवून त्यांचे वर्गीकरण केले, तेव्हापासून तिचा लेखी इतिहास सुरू होतो. दिवसभर कळपाभोवती धावणे, चुकार मेंढराला वळवून आणणे आणि धन्याच्या एका शब्दासरशी थांबणे, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून हे कुत्रे घडविले गेले. पुढे पोलिसांनी व सैन्यांनी त्याला आपलेसे केले. आपल्याकडेही केंद्रीय राखीव पोलीस दल आणि भारत-तिबेट सीमा पोलीस या दलांत ही कुत्री चाकरी करतात. आम्ही त्यांची छायाचित्रे पाहिली आणि मोहात पडलो. ज्याची कीर्ती त्याच्या कामामुळे झाली, त्याला काम नसलेल्या घरात आणताना आपण नेमके काय आणीत आहो, याचा विचार आमच्या मनाला शिवला नाही.

पिल्लू मोठे झाले तशी घरातील शांतता गेली. भैरूने दाराची चौकट कुरतडली, पायताणे फाडली, एका अपिलाच्या कागदांचा चोथा केला. अंगणात मुले धावू लागली, की हा त्यांच्या घोट्यांना दात लावून त्यांना एका कोपऱ्यात गोळा करी. आज आम्हांस कळते, की तो मेंढरे वळवीत होता. त्या वेळी आम्ही त्याला द्वाड ठरविले आणि परसात साखळीने बांधले. संध्याकाळी पाव घटका फिरविणे, एवढाच काय तो त्याचा मोकळेपणा. साखळीने त्याचा उपद्रव थांबला नाही, उलट वाढला. तो रात्रंदिवस गोल फिरे आणि भुंके.

अशातच श्रावणात घरी सत्यनारायणाची पूजा होती. माणसांची वर्दळ होती. भैरूने कशी कोण जाणे गळपट्ट्यातून मान सोडवून घेतली होती. चौरंगाशेजारी ठेवलेल्या नारळांपैकी एक, कोणा मुलाचा पाय लागून, घरंगळत ओसरीवर गेला. भैरूने झेप घातली, नारळ तोंडात धरला, माणसांच्या गर्दीतून वाट काढीत तो आमच्यापर्यंत आला आणि नारळ आमच्या पायांशी ठेवून मान वर करून पाहू लागला. पाहुण्यांसमोर आमची शोभा झाली होती. खुंटीवरील वेताची काठी आमच्या हाती आली आणि आम्ही त्याला दोनदा मारले. तो गुरगुरला नाही, पळालाही नाही. जमिनीशी सपाट होऊन पडून राहिला. जमलेल्या मंडळींस आमचे करणे योग्यच वाटले असावे. फक्त वृद्ध पुरोहितबुवांनी दुसरा नारळ मागवून पूजा पुढे चालविली आणि तीर्थप्रसाद देताना हळूच विचारले, "वकीलसाहेब, त्याचा अपराध काय हो?"

त्या रात्री आम्ही आदिपर्व काढून पुन्हा वाचले. राजाच्या भावांना निदान ते पिल्लू परके होते. आम्ही तर ज्याला स्वतःहून घरी आणले, त्याला मारले होते. आणि तेही त्याने आपले वंशपरंपरेचे काम चोख बजावले म्हणून. निसटलेले वळवून आणून धन्याच्या पायांशी ठेवावे, एवढेच त्याला ठाऊक होते.

कायद्याच्या भाषेत विचार केला तर अपराधाला कृतीबरोबर दुष्ट हेतूही लागतो. जनावराच्या ठिकाणी तो असू शकत नाही. म्हणूनच जनावराच्या बाबतीत हयगय झाली तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ बोट दाखविते ते जनावराकडे नव्हे, ते बाळगणाऱ्याकडे. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा तर याहून पुढे जातो. नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे, हे त्याच्या कलम ११ मध्ये छळाच्या प्रकारांत स्पष्ट शब्दांत नमूद आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींच्या व जल्लिकट्टूच्या प्रकरणात निकाल देताना प्राण्यांच्या ज्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला, त्यांत स्वजातीस सहज असलेले वर्तन करता येण्याचे स्वातंत्र्यही आहे. ही कलमे व हा निकाल आम्हांस अपरिचित होता असे नाही. दुसऱ्यांच्या खटल्यांसाठी आपण जे वाचतो, ते आपल्या परसापर्यंत पोहोचत नाही, हाच काय तो प्रकार.

भैरूला कोणाला तरी देऊन टाकावे, असे प्रथम मनात आले. गिऱ्हाईकही होते. परंतु ते त्याला गावाबाहेरच्या बागेत राखणीसाठी बांधूनच ठेवणार होते. आमची साखळी फक्त दुसऱ्याच्या हातात गेली असती. त्यावेळी आमच्या मातोश्रींनी निर्णय दिला. त्यांचे माहेर गोव्यात अंत्रुज महालातले, आणि महत्त्वाचे काही बोलायचे असले की त्या माहेरच्या बोलीत बोलतात. त्या म्हणाल्या, "ताका काम दी, मागीर तें घर राखतलें."

सैन्याच्या श्वानपथकात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आम्हांस भेटले. त्यांनी भैरूला पाहण्यापूर्वी आमचीच हजेरी घेतली. याला कोण, केव्हा, कोणत्या शब्दाने बोलावतो? उघड झाले ते असे, की आम्ही 'बस' म्हणत होतो, मुले 'सिट' म्हणत होती, गडी 'खाली' म्हणे, आणि तिन्ही शब्दांनंतर तो बसला काय, न बसला काय, कोणी पाहत नव्हते. त्यांनी पहिला नियम घालून दिला, की घरात एका गोष्टीला एकच शब्द, आणि तो पाळला गेला की लगेच त्याचे फळ.

आमची समजूत अशी होती, की याला खूप पळवून दमविले म्हणजे हा निजेल. ते हसून म्हणाले, "पळवून तुम्ही आजचा दिवस काढाल. महिन्याने हा दुप्पट पळेल. याचे पाय नव्हे, डोके दमले पाहिजे." त्यांनी त्याच्या रोजच्या अन्नाचा निम्मा भाग अंगणात लपवून नाकाने शोधावयास लावले. वीस मिनिटे असा माग काढला, की तासभर धावूनही न येणारी स्वस्थता त्याला येई. मग गोणपाटाच्या वळकटीची ओढाताण. खेळ ऐन रंगात आला असता 'सोड' म्हणावयाचे. त्याने सोडले, की त्याच क्षणी वळकटी त्याला परत द्यावयाची. सोडणे म्हणजे गमावणे नव्हे, हे त्याला आठ दिवसांत उमजले. आम्हांस ते अजून पुरते उमजले आहे असे म्हणवत नाही.

सर्वांत अवघड धडा होता काहीही न करण्याचा. ओसरीवर एक चटई टाकली आणि तिला 'जागा' हा शब्द ठरविला. तो तिच्यावर स्वस्थ पडला, की न बोलता पुढे घास ठेवावयाचा. प्रथम दहा श्वास, मग एक मिनिट, मग आम्ही पक्षकारांशी बोलत असू तितका वेळ. स्वस्थपणा हा स्वभाव नसून तोही शिकवावा लागतो, आणि शिकविणाऱ्याजवळ तो आधी असावा लागतो. कोर्टातून चिडून आलेल्या दिवशी धडा हमखास फसे. त्या दिवसांत आम्ही आधी पाय धुऊन, चहा घेऊन, मगच चटईजवळ जाण्याचा परिपाठ ठेवला. आठ महिने लागले. मध्यंतरी तो पुन्हा एकदा मुलांच्या घोट्यांवर गेला, तेव्हा काठीऐवजी दोन आठवडे धडे पहिल्यापासून गिरविले.

येथे कोणी म्हणेल, की शिकविणे हीदेखील बळजबरीच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु निग्रह आणि दडपशाही यांत भेद आहे. कठोपनिषदात इंद्रियांना घोड्यांची उपमा दिली आहे. तेथे सारथ्याने लगाम हाती ठेवावा असे सुचविले आहे. घोडे खुंट्याला बांधून रथ चालविण्याची कल्पना ऋषींच्या मनात आलेली नाही. साखळी भैरूची ओढ मारू पाहत होती, शिक्षणाने तिला वाट दिली. साखळीत त्याला निवड नव्हती. चटईवर तो आपण होऊन जातो. हा भेद केवळ कुत्र्यापुरता नाही. ज्या मुलाच्या अंगात रग आहे त्याला 'गप्प बस' सांगणारे आपण, त्याच्या रगेला कोणते काम दिले याचा जबाब क्वचितच देतो.

यावरून सर्वांनी अशी कुत्री पाळावीत, असा अर्थ कोणी काढू नये. उलट ज्याच्याजवळ रोजचे दोन तास आणि शांत डोके नाही, त्याने हे धाडस करू नये, असेच आम्ही सांगू. आम्ही ते विचार न करता केले. त्याची भरपाई रोज पहाटे करतो, इतकेच.

गेल्या श्रावणात पूजा झाली तेव्हा भैरू ओसरीवर आपल्या चटईवर होता. शंख वाजला तसे त्याचे कान थरथरले, अंग ताठ झाले, पण तो उठला नाही. पुरोहितबुवांनी जाताना त्याच्याकडे पाहून समाधानाने मान हलविली. तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. फिरावयास निघताना आम्ही खुंटीवरील काठीकडे हात नेला, की भैरू अजूनही अंग चोरून एक पाऊल मागे सरतो. आम्ही ती काठी आता माळ्यावर टाकली आहे. परंतु तो पाहतो तो आमचा हात. सरमेने म्हटलेले न दिसणारे भय ते हेच असावे, आणि ते घालविण्यास पुरोहित मिळत नाही. रोज पहाटे तोच हात त्याच्यापुढे घास धरतो.