शनिवारी घाणा बंद



एखाद्या सकाळी ओळखीच्या दुकानाची फळी लागलेली दिसते. आज त्यांचा सण असेल, असं म्हणत आपण पुढे जातो.

अलिबागच्या आसपास, कोकणात, पूर्वी असंच होतं. तिथले बेने इस्रायली, म्हणजे आपले ज्यू शेजारी, तेलाचे घाणे चालवायचे. बोली मराठी. आडनावं गावांवरून, रोहेकर, पेणकर, किहीमकर. पण शनिवारी घाणा बंद. शनिवार त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. गावानं त्यांना नाव दिलं, शनवार तेली. गंमत बघा, गावानं नाव ठेवलं, नावं ठेवली नाहीत. शनिवारी घाणा बंद, म्हणजे तेल आदल्या दिवशी आणायचं. संपलं.

धर्मनिरपेक्षता हा संविधानातला शब्द. तसा जडच. पण उंबऱ्याशी तो इतका हलका होऊन येतो. शेजाऱ्याची श्रद्धा आपली असावी लागत नाही. तिच्यासाठी आपला दिवस थोडा सरकवावा लागतो.

यातली बहुतेक कुटुंबं पुढे इस्रायलला गेली. तिथेही त्यांच्या घरी मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. चव कोकणची, प्रार्थना हिब्रू.

आता तर जगच आपल्या जिन्यात राहायला आलंय. वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड असेल. त्यांची भाषा वेगळी, ताटातला घास वेगळा. आज भेटले, तर हसून विचारा ना, तुमचा घाणा कधी बंद असतो?