रक्त, गाव आणि उतरवलेली तार

नोव्हेंबर २०२५ मध्ये सिएटलच्या ‘साउंडगार्डन’ या बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली आणि आपल्याकडचा एक जुना आजार पुन्हा उफाळून आला. बँडचा गिटारवादक किम थायिल हा केरळमधून अमेरिकेत गेलेल्या आई-वडिलांचा मुलगा. एवढे कळायचा अवकाश, की आपली माणसे वंशावळ घेऊन बसतात. एका परिसंवादात एका नामवंत संगीतसमीक्षकांनी (नाव घेत नाही, घेतले तर त्यांना आवडेल) जाहीर करून टाकले की, ‘आउटशाइन्ड’ आणि ‘स्पूनमॅन’ या गाण्यांतल्या सात मात्रा म्हणजे आपला रूपक तालच, आणि तो थायिलच्या रक्तातून सिएटलला पोचला. टाळ्या पडल्या. भारतीय रक्ताचा विषय निघाला की टाळ्या पडतातच; रक्तगट कोणी विचारत नाही.

आता जरा तपासू. ही दोन्ही गाणी थायिलची नाहीतच. ती बँडचा गायक क्रिस कॉर्नेल याने रचली. आणि कॉर्नेल हा सिएटलमध्येच जन्मलेला, वाढलेला गोरा पोरगा. थायिलचा जन्मही सिएटलचा, १९६० सालचा. वाढला तो शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्ट या उपनगरात. घरात संगीत होते, पण ते आईच्या पियानोचे. त्याचे कान तयार झाले ते एमसी फाइव्ह आणि स्टूजेस या डेट्रॉइटकडच्या दांडग्या बँडांवर. पुढे त्याने विद्यापीठात तत्त्वज्ञान घेतले. यात रूपक नेमका कुठल्या दाराने शिरला? पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ हे १९७३ चे गाणेही सात मात्रांचेच आहे. पण म्हणून रॉजर वॉटर्सचे आजोळ मिरजेला शोधायला अजून कोणी निघालेले नाही.

शिवाय सात मोजता आले म्हणजे ताल झाला, हा समज तबल्याच्या पहिल्या परीक्षेलाही चालणार नाही. रूपकाच्या सात मात्रांना तीन-दोन-दोन असे विभाग आहेत, आणि त्याची समच खालीच्या मात्रेवर आहे. हेच त्याचे वेगळेपण. एकदा आवर्तन सुरू झाले की बंदिश संपेपर्यंत ते बदलत नाही. गायक त्यात राहतो, भांडतो, शेवटी समेवर येतो. ‘आउटशाइन्ड’मध्ये काय होते ते कान देऊन ऐका. जड, रेंगाळणारी रिफ, म्हणजे गिटारची फिरून फिरून येणारी ओळ, सात ठोक्यांत आपले म्हणणे संपवते आणि आठव्याची वाट न पाहता पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कानाला आठ अपेक्षित असतात, म्हणून प्रत्येक फेरीला पायाखालची एक पायरी निसटल्यासारखे होते. आणि मग ध्रुपद येते ते सरळ चारात! कडवे सातात आणि ध्रुपद चारात, असा रूपक कोणत्या गुरूने शिकवला?

इथे ताल आधी ठरलेला नाही. आधी रिफ आहे. तिला जेवढी लांबी लागली तेवढी तिने घेतली. बँडच्या मंडळींनी मुलाखतींतून हेच सांगितले आहे की मात्रा मोजल्या त्या गाणे तयार झाल्यावर. ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ सहात चालते, ‘माय वेव्ह’ पाचात. हे कसब दाखवण्यासाठी असते, तर प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांसारखे चेहऱ्यावर दिसले असते. इथे ते दिसत नाही, याचे निम्मे श्रेय मॅट कॅमेरॉन या ड्रमरचे. १९८६ मध्ये तो आला, आणि सातातही मान चाराइतकीच सहज डोलेल असा ठोका त्याने धरला. मोजणारा अडखळतो, नाचणारा अडखळत नाही. आमचे समीक्षक मोजत बसले.

रक्ताचा सिद्धांत निकालात निघाला. पण त्याचा एक सभ्य चुलतभाऊ आहे, तो अधिक धोक्याचा: गावाचा सिद्धांत. निर्व्हाना, पर्ल जॅम, ॲलिस इन चेन्स आणि साउंडगार्डन हे चार बँड एका गावचे, म्हणून एका संगीताचे. आणि त्या संगीताचे नाव ग्रंज. सिएटलचा पाऊस, लाकूडतोड्यांचे चौकड्यांचे सदरे, बेकारी आणि उदासी असा सगळा मसाला पत्रकारांनी घातला. नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तर ग्रंजवाल्यांच्या खास बोलीचा छोटा कोशच छापला. हे शब्द पुरवले होते मेगन जॅस्पर या रेकॉर्ड व्यवसायातल्या तरुणीने. ती पूर्वी सिएटलच्या ‘सब पॉप’ या कंपनीत स्वागतकक्षात बसत असे. वार्ताहराचा फोन आला तेव्हा तिने एकेक शब्द जागच्या जागी रचून सांगितला, आणि अमेरिकेतल्या सर्वांत भारदस्त वर्तमानपत्राने तो मुकाट्याने उतरवून घेतला. ज्या चळवळीला स्वतःची बोलीदेखील नव्हती, तिला एक शैली मात्र होती, हे आपण अजून मानतो आहोत.

साउंडगार्डन त्या चौघांतला पहिला. स्थापना १९८४ ची. थायिल, कॉर्नेल आणि बासवर हिरो यामामोटो. कॉर्नेल तेव्हा ड्रम वाजवता वाजवता गात असे. बँडला नाव मिळाले सिएटलच्या सरोवराकाठच्या एका शिल्पावरून. वारा आला की त्याच्या नळ्या वाजतात. १९८७ मध्ये ‘सब पॉप’कडून ‘स्क्रीमिंग लाइफ’, पुढच्या वर्षी ‘अल्ट्रामेगा ओके’, आणि १९८९ च्या ‘लाउडर दॅन लव्ह’पासून ए अँड एम ही बडी कंपनी. यामामोटो गेला, १९९० मध्ये बेन शेफर्ड आला, आणि १९९१ चा ‘बॅडमोटरफिंगर’ व १९९४ चा ‘सुपरअननोन’ हे दोन मोठे अल्बम झाले. ‘सब पॉप’चा एक संस्थापक ब्रूस पॅव्हिट हाही पार्क फॉरेस्टचाच, थायिलच्या ओळखीतला. म्हणजे सिएटलच्या आवाजाची मुळे शोधायला निघालात, तर वाटेत शिकागोच्या उपनगरात उतरावे लागते. गावाच्या सिद्धांताचे एवढ्यावरच भागायला हरकत नव्हती.

पण मला भागवता येत नाही, कारण वामनराव देशपांडे आडवे येतात.

‘घरंदाज गायकी’ हे १९६१ चे पुस्तक मी मराठीतल्या मोजक्या खऱ्या विचारग्रंथांत धरतो. वामनराव पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. आणि हिशेबनीसाची सवय त्यांनी संगीतातही सोडली नाही. घराण्यांबद्दल आपल्याकडे पोवाडे भरपूर होते, किस्से तर उदंड. ताळेबंद मात्र नव्हता. तो वामनरावांनी मांडला. सूर आणि लय ही दोन टोके घेतली आणि कोणते घराणे कुठे बसते ते दाखवले: किराणा सुराकडे, आग्रा लयीकडे, आणि दोन्हींचा तोल साधणारे जयपूर मध्ये. त्यांचा जीव जयपूरवर होता हे लपत नाही, लपवायची त्यांना गरजही वाटली नसावी. पण या आलेखापेक्षा मला त्यांचा दुसरा मुद्दा मोलाचा वाटतो. घराण्याची गायकी उगवते ती मूळपुरुषाच्या गळ्यातून, असे ते म्हणतात. त्या गळ्याला जे झेपते ते वैशिष्ट्य होते, जे झेपत नाही ते हळूहळू वर्ज्य होते, आणि शिष्यांचे गळे वेगळे असले तरी शिस्त म्हणून ते तेच पाळतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जयपूर घराण्याचे मूळपुरुष अल्लादिया खाँसाहेब यांचे. ऐन उमेदीत त्यांचा आवाज बसला. पहिला आवाज पुन्हा मिळाला नाही. जो उरला त्याला साजेल अशी बारीक, पेचदार, बलपेचांची गायकी त्यांनी घडवली. पुढे कोल्हापूर-मुंबईत दोन-तीन पिढ्या ठणठणीत गळ्यांच्या गायक-गायिकांनी ती डोक्यावर घेतली. एका माणसाच्या घशातली अडचण पुढच्यांचे सौंदर्यशास्त्र झाली. रोमँटिक मंडळींना हे रुचत नाही; त्यांना घराणे स्वर्गातून उतरलेले हवे असते. वामनरावांनी ते घशातून उतरवले, म्हणून मला ते प्रिय आहेत.

आता ही मोजपट्टी सिएटलला लावू. मूळपुरुष कोण? चार बँडांत गुरू-शिष्याचे नाते नाही. सूर-लयीच्या आलेखावर निर्व्हाना आणि ॲलिस इन चेन्स शेजारी बसत नाहीत. घराणे म्हणायला निदान तीन पिढ्या लागतात असा आपल्याकडचा संकेत. सिएटलची सारी भरभराट दहा वर्षांत आटोपली. तेव्हा सिएटल हे घराणे नाही, असा निकाल देऊन मोकळे व्हावे, तर पुढे जो पुरावा येतो तो वेगळेच बोलतो.

इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या; आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मधल्या काही गाण्यांत तारा तीन अर्धस्वरांनी खाली उतरवल्या. सैल तार दुखऱ्या बोटाला सोसते. सैल तार खर्जात घरघरतेही. हेवी मेटलचे वजन म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याच्या मुळाशी एका कामगार पोराची जखम आहे. अल्लादिया खाँचा घसा आणि आयोमीची बोटे: वामनरावांचा सिद्धांत त्यांनी कल्पनाही केली नसेल अशा ठिकाणी खरा ठरतो.

पुढची कडी थायिलनेच सांगितली आहे. सिएटलच्या दक्षिण-पश्चिमेकडच्या मॉन्टेसानो या लहान गावातून ‘मेल्व्हिन्स’ नावाचा बँड आला. तो गोगलगायीच्या चालीने आणि कानठळ्या बसवत वाजवी. त्याचा म्होरक्या बझ ऑस्बॉर्न याने थायिलला सॅबथचा हवाला देऊन सर्वांत जाड तार एक स्वर खाली उतरवायची युक्ती सांगितली. १९८६ च्या ‘डीप सिक्स’ या संग्रहात मेल्व्हिन्स आणि साउंडगार्डन शेजारी-शेजारी आहेत. पुढच्याच वर्षी ‘नथिंग टू से’मध्ये ती उतरवलेली तार घुमते. सॅबथ सगळ्या तारा उतरवत, इथे एकच उतरवली गेली. विद्या हातोहात जाते तेव्हा वाटेत अशी वळणारच.

या एका तारेने काय होते, ते गिटार मांडीवर घेऊनच कळते. नेहमीच्या जुळवणीत जाड स्वरसंघाताला दोन-तीन बोटांची मांडणी लागते. जाड तार एक स्वर खाली आली की खालच्या तीन तारांत षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज आपोआप जुळतात. मग एकच बोट आडवे टाकायचे आणि वरखाली घसरवायचे. संपूर्ण संघात एका स्वरासारखा चालू लागतो. हात मोकळा झाला की रिफ संघातांच्या ठराविक चौकटीत राहत नाही, ती ओळीसारखी लांबते, वाटेल तिथे वळते, वाटेल तिथे संपते. मला तरी त्या सात मात्रांचा उगम इथे दिसतो. चाराची चौकट बोटांना धरून होती. बोटे सुटली तशी ती सुटली. ‘रस्टी केज’मध्ये तीच तार आणखी खाली, बी या स्वरापर्यंत नेली आहे. ‘माइंड रायट’मध्ये तर सहाही तारा ई या एकाच स्वरात. (यावर ‘तंबोरा!’ म्हणून कोणी उठणार असेल, तर कृपया बसा. तेही गाणे कॉर्नेलचे आहे.)

तेव्हा निकाल सुधारून घेतो. घराणे आहे. ते सिएटलचे नाही, बर्मिंगहॅमचे आहे. आयोमी, ऑस्बॉर्न, थायिल अशा तीन पिढ्याही भरतात. ते रक्ताने गेले नाही, गावानेही नाही. एकाने दुसऱ्याला खुंटी पिळून दाखवली, म्हणून ते गेले. जपानी आडनावाचा बासवादक आणि मल्याळी आडनावाचा गिटारवादक इंग्लिश कामगारवस्तीतली विद्या अमेरिकेच्या वायव्य टोकाला वाजवतात, हे मला कोणत्याही वांशिक चमत्कारापेक्षा मोठे वाटते.

आता वामनरावांविरुद्धचा आक्षेप, जो त्यांच्या भक्तानेच घ्यायला हवा. घराणे सारखेपणाचा हिशेब देते. ज्याच्यामुळे एखादा कलावंत आठवणीत राहतो, त्याचा हिशेब त्यात बसत नाही. सॅबथची वजनदार चाल मेल्व्हिन्सकडेही होती, कदाचित अधिक शुद्ध. तरी ‘सुपरअननोन’ अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेला आणि पन्नास लाखांहून अधिक खपला, तो कॉर्नेलमुळे. त्याचा आवाज खालून खरखरत निघे आणि टिपेला पोचल्यावर फाटण्याऐवजी उघडे. ‘ब्लॅक होल सन’मध्ये गिटार फिरत्या लेस्ली स्पीकरमधून घेतली आहे, तिच्या ओल्या, डुलत्या आवाजात सॅबथपेक्षा बीटल्स अधिक आहेत. ‘स्पूनमॅन’मध्ये सिएटलच्या रस्त्यावर चमचे वाजवणारा आर्टिस हा कलाकार येतो, आणि कॅमेरॉन भांडीकुंडी बडवतो. १९९५ च्या ग्रॅमीत ‘ब्लॅक होल सन’ला हार्ड रॉकचे पारितोषिक मिळाले आणि ‘स्पूनमॅन’ला मेटलचे. एकाच अल्बमची दोन गाणी दोन कप्प्यांत घालावी लागली. कप्पे करणाऱ्यांची दया येते. १९९६ मध्ये जॉनी कॅश या कंट्री गायकाने ‘रस्टी केज’ आपल्या पद्धतीने गायले. बी स्वराची तार नाही, गोंगाट नाही, थायिल नाही. गाणे तरी उभे राहिले. म्हणजे वजन घराण्याचे होते, पण गाणे कॉर्नेलचे.

पुढचे थोडक्यात. १९९६ चा ‘डाउन ऑन द अपसाइड’, एप्रिल १९९७ मध्ये फाटाफूट, २०१० मध्ये पुनर्मीलन, २०१२ चा ‘किंग ॲनिमल’. मे २०१७ मध्ये डेट्रॉइटच्या फॉक्स थिएटरमधल्या कार्यक्रमानंतर त्याच रात्री कॉर्नेलने आत्महत्या केली. त्यावर उदासीचे निबंध पुष्कळ आले. त्यांत भर घालत नाही.

वारशाबद्दल मात्र बोलायलाच हवे. साउंडगार्डन फुटला त्याच सुमारास पोस्ट-ग्रंज नावाने बँडांची रांगच्या रांग अमेरिकन रेडिओवर लागली. त्यांनी जाड तार उतरवली, गळा खरवडला, चेहरा पाडला. आणि रिफ मात्र निमूटपणे चाराच्या चौकटीत परत आणून बसवली. शिष्य गुरूची अडचण पाठ करतात, तिच्यातून मिळालेली मोकळीक त्यांना पेलत नाही. वामनरावांच्या ताळेबंदात हा तोटा कुठे मांडलेला नाही, आणि आपल्याकडच्या घराण्यांची आजची अवस्था पाहता तो रकाना उघडायची वेळ आली आहे. परिसंवाद भरवायचाच असेल तर या विषयावर भरवा.