या लेकराने कोणते पाप केले?



गेल्या वर्षावासात मस्तगडच्या आमच्या वस्तीत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. एके रात्री वाचन आटोपले, मंडळी उठून गेली, पण एक तरुण माउली मागेच बसून राहिली. मांडीवर सहा वर्षांचा मुलगा. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, मान नीट धरत नाही. डोळे मात्र मोठे चौकस. या कुटुंबाने दोनच वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. ती मला हळूच म्हणाली, “आज्जी, माझी सासू म्हणती, मागच्या जल्मीचं पाप फेडाया आलंय हे. तुमी इतकं वाचता. ह्या लेकरानं असं काय केलं व्हतं, सांगा ना.”

मी आज ७५ वर्षांची आहे. माझ्या वडिलांनी १९५७ साली आम्हा भावंडांना पुढे उभे करून बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावल्या. घरातले देव त्यांनी कुंडलिकेत सोडले. तरीही त्या माउलीचा प्रश्न ऐकून मी चटकन उत्तर देऊ शकले नाही. कारण हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारला होता.

माझी थोरली मुलगी दोन वर्षांची असताना तिला ताप आला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि डावा पाय लुळा पडला. तो पोलिओ होता. पोलिओ हा विषाणूने होणारा रोग. घाणेरड्या पाण्यातून, हातातोंडातून तो पसरतो, आणि लसीने टळतो. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पूर्वजन्मीची पापे का २०११ साली एकदम संपली? पण हे आज सुचते. तेव्हा मात्र मी, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली बाई, रात्री उशीत तोंड खुपसून म्हणत होते, माझेच काहीतरी चुकले असेल.

बांधवहो, ही समजूत आपल्या घरात कोठून आली, ते नीट पाहा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात लिहिले आहे, की मागल्या कर्माच्या शेषामुळे माणसे जड, मुकी, आंधळी, बहिरी आणि विकृत अवयवांची जन्मतात आणि सज्जन त्यांचा तिरस्कार करतात. नवव्या अध्यायात त्याच आंधळ्या-बहिऱ्या-पांगळ्यांना बापाच्या मिळकतीतला वाटा नाकारला आहे. अन्नवस्त्र द्या म्हटले, वाटा नको म्हटले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे पुस्तक जाळले गेले, ते हेच. आपण त्यातली आपल्याविषयीची पाने जाळली आणि आपल्याच अपंग लेकरांविषयीची पाने घरात जपून ठेवली, असे म्हटले तर तुम्हाला राग येईल. येऊ द्या.

आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर का ठेवले होते? पूर्वजन्मीच्या पापामुळे, असेच सांगितले जाई. मग विहिरीवर चढू न देणाऱ्याचा दोष उरत नाही, आणि उपाशी माणसाने तक्रार कोणाकडे करावी हेही उरत नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात या सिद्धांताचे वर्म काढले आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज याचा दुसरा हेतू दिसत नाही. महाकारुणिक बुद्ध याला मान्यता देतील हे संभवतच नाही, असे त्यांचे म्हणणे. हा न्याय जातीला लागतो तसा त्या मुलाच्या पायालाही लागतो. पाप म्हटले की शाळेच्या दारातला उंबरा कोणी काढायचा, हा प्रश्नच मिटला.

तथागतांना हा प्रश्न थेट विचारला गेला होता. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले काय मत? तथागत म्हणाले, काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्हींच्या बिघाडाने, काही ऋतू बदलल्याने, काही निगा नीट न राहिल्याने, काही अचानक आघाताने. कर्मविपाक या यादीत शेवटी, आठवा येतो. आणि सारेच पूर्वकर्माने होते म्हणणारे, स्वतःला जे कळते आणि जगाला जे सत्य म्हणून ठाऊक आहे, त्याच्या पलीकडे धावतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकाच्या भाषेत हे उत्तर आहे. आज आपण विषाणू म्हणू, बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडला म्हणू, जन्मतःची कावीळ डोक्यात गेली म्हणू. उत्तराची दिशा तीच, कारण शोधा.

येथे एक गोष्ट लपवू नये. त्रिपिटकात दुसऱ्या प्रकारचीही वचने आहेत. शुभ नावाच्या ब्राह्मण तरुणाला दिलेल्या उत्तरात अल्पायुष्य, रोग, कुरूपता, हलके कूळ यांची कारणे मागील कर्मात सांगितली आहेत. एखादा ते पान उघडून तुमच्यापुढे धरील. तेव्हा बाबासाहेबांनी दिलेली कसोटी वापरा. जे बुद्धीला पटत नाही आणि माणसाच्या कल्याणाचे नाही, ते बुद्धवचन म्हणून स्वीकारण्यापूर्वी थांबा. पोथीत आहे म्हणून मान डोलवायची असती तर आपली जुनी पोथी काय वाईट होती?

कौशांबीच्या खुज्जुत्तरेची कथा घ्या. उदेन राजाच्या सामावती राणीची ती दासी. पाठीला कुबड. राणी रोज फुलांसाठी आठ नाणी देई. ही चार स्वतःकडे ठेवून चारांची फुले आणी. एके दिवशी माळ्याच्या घरी तथागतांचा उपदेश तिच्या कानी पडला, आणि त्या दिवशी तिने आठही नाण्यांची फुले आणली. राणीने विचारताच चोरी कबूल केली. पुढे राणी आणि तिच्या परिवारातल्या स्त्रिया खाली बसल्या, कुबड्या दासीला उंच आसनावर बसविले, आणि ती रोज धम्म ऐकून येऊन यांना सांगू लागली. ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्याच स्मरणातून आला असे परंपरा मानते. बहुश्रुत उपासिकांत तिला तथागतांनी अग्रस्थान दिले.

आणि गंमत पाहा. पुढील काळातल्या अट्ठकथाकारांना तिचे कुबड सहन झाले नाही. त्यांनी कथा जोडली, की पूर्वजन्मी तिने एका कुबड असलेल्या प्रत्येकबुद्धाची नक्कल केली होती म्हणून कुबड आले, आणि एका भिक्षुणीला काम सांगितले म्हणून दासीपण आले. म्हणजे अपंगत्वही पापाचे, दास्यही पापाचे! एकाच झटक्यात दोन्ही. मी ही कथा मुलींना सांगते तेव्हा आसनापाशी थांबते. पुढचे शेपूट सांगत नाही.

आता पापावरून रक्ताकडे येते, कारण येथे दोष माझाच आहे. माझ्या धाकट्या मुलाला स्थळे पाहत होतो. एक मुलगी सर्वांना पसंत होती. तिचा भाऊ जन्मतः बहिरा-मुका आहे असे कळले, आणि मी म्हणाले, नको, रक्तातच दोष दिसतो. आपले जालना बियाण्याच्या धंद्यासाठी नावाजलेले; ‘बी चांगले पाहिजे’ हे शब्द येथे सहज तोंडात येतात, तेही मी बोलून गेले. माझी मुलगी, डाव्या पायाला कॅलिपर लावून, ओसरीवर बसून ते ऐकत होती. ती काही बोलली नाही. त्या रात्री जेवली नाही.

रक्त हलके, बी हलके, म्हणूनच ना आपली सावली टाळत होते? वासेट्ठ सुत्तात जातीचा वाद घेऊन दोन ब्राह्मण तरुण तथागतांकडे आले. तथागतांनी सांगितले, गवत, झाडे, किडे, पक्षी यांच्यात जन्माने वेगवेगळ्या जाती दिसतात. माणसांत तसे नाही. केसांनी नाही, डोक्याने नाही, कानांनी, डोळ्यांनी, ओठांनी, हातापायांनी नाही. मी हे कितीदा वाचले, ब्राह्मण-शूद्र भेद खोडला म्हणून आनंदले. पण त्या यादीत कान आहेत, डोळे आहेत, पाय आहेत, हे मला म्हातारपणी दिसले. ऐकू न येणाऱ्या कानाने माणसाची वेगळी जात होत नाही.

बहिरेपणाची काही कारणे घराण्यातून येतात, हे खरे. आपल्याकडे मामा-भाची, आतेमामे भावंडे यांची लग्ने होतात, त्यात असा धोका वाढतो. ते डॉक्टरला विचारावे, अशी लग्ने टाळावी. पण कारण विचारणे वेगळे आणि घराण्याला डाग लावणे वेगळे. शुद्ध रक्ताचे वेड शेवटपर्यंत नेले तर काय होते ते जर्मनीत दिसले. हिटलरच्या राजवटीने १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसांना विषारी वायूने मारले. तीच पद्धत आणि त्यातलीच माणसे पुढे ज्यूंच्या संहारछावण्यांत वापरली गेली.

हल्ली ‘अपंग’ म्हणू नका, ‘दिव्यांग’ म्हणा असे सांगतात. म्हणावे. मला मात्र आमच्यासाठी कोणी काढलेला ‘हरिजन’ हा शब्द आठवतो. नाव गोड, पाणवठा तोच. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले आहेत, सरकारी नोकरीत चार टक्के जागा ठेवल्या आहेत. त्या मुलाचे प्रमाणपत्र अजून काढलेले नव्हते, कारण सासूच्या मते चारचौघांत दाखवायचे कशाला. त्याचा बाप त्याला उचलत नाही, ते बाईचे काम. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आणि आनंदांनी स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून मंचकावर ठेवले. पुरुषांनी हा प्रसंग घरी मोठ्याने वाचावा.

त्या रात्री मी माउलीला एवढेच सांगितले, “बाई, त्यानं काही केलं नाही. तूही नाही.” दुसऱ्या दिवशी माझी मुलगी तिच्याकडे गेली, प्रमाणपत्राचे कागद कोणते लागतात ते लिहून दिले. सासूने तिला चहा दिला. तिच्या पायाकडे पाहून विचारले, “तुमी नोकरी करता?” ती म्हणाली, तीस वर्षे केली.

विहाराला तीन पायऱ्या आहेत. आतापर्यंत तो मुलगा आईच्या कडेवर येई आणि मागे, चपलांजवळ बसविला जाई. अश्विन पौर्णिमेला त्याच्या बापाने त्याला उचलून वर आणले आणि पुढच्या सतरंजीवर भिंतीला टेकवून बसविले. त्रिशरणाचे शब्द त्याच्या तोंडून स्पष्ट उमटत नाहीत. आम्ही सर्वांनी ते त्याच्या चालीने, सावकाश म्हटले. वेळ बराच लागला.