ठेक्याचं देणं

चार सेकंदांचा एक तुकडा आहे. त्याच्यामागे मी गेले काही महिने अडकून पडलोय.

दिवाळीनंतर आमच्या कोंढ्यात मंडई भरते. भंडाऱ्याकडची माणसं हे वाचत असतील तर त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी, मंडई म्हणजे घरोघरी पाहुणे, दुकानं, आणि रात्रभर दंडार नाहीतर नाटक. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पण मंडईला सुट्टी टाकतोच. मागच्या वेळी दंडार बघता बघता फोनवर रेकॉर्डिंग केलं. ढोलकीवर गावातलेच एक काकाजी होते. दिवसा धानाच्या बांधीत, रात्री ढोलकीवर. एका जागी थाप पडणार म्हणून आपण मान खाली आणतो, तर यांनी हात वरच ठेवला, आणि अर्धी मात्रा उशिरा टाकली. समोरची सगळी पोरं एकदम ओरडली.

पुण्यात आल्यावर मी तो तुकडा कापला, लूप केला, खाली फंकची बेसलाइन टाकली. रूममेटनं वर मराठी रॅप केलं. रील बऱ्यापैकी चालली. खाली मी लिहिलं होतं, ‘बीट’, आणि पुढे माझं नाव. ऑफिसात लोक म्हणाले, बीट भारी आहे. मी थँक्स म्हणालो.

कल्पना अर्थात माझी नव्हती. त्या दिवसांत मी टोनी ॲलनचा ‘देअर इज नो एंड’ हा अल्बम ऐकत होतो. ॲलन लागोसचा, जन्म 1940 चा. योरुबा ताल, पश्चिम आफ्रिकेतलं हायलाइफ, जॅझ आणि जेम्स ब्राऊनचा फंक यांतून जे ॲफ्रोबीट तयार झालं, त्याचा ड्रमर. या शेवटच्या अल्बममध्ये त्याच्या ड्रमवर त्याच्याहून कितीतरी लहान रॅपर आहेत. अल्बम आला 30 एप्रिल 2021 ला, त्याच्या मृत्यूनंतर बरोबर एक वर्षानं. हेडफोन लावून ऐका: उजवा हात, डावा हात, दोन्ही पाय, जणू चार माणसं आपापल्या कामाला निघालीत आणि वाटेत बोलतायत.

पण ॲफ्रोबीट म्हटलं की जगाला आठवतो फेला कुटी. टोनीशिवाय ॲफ्रोबीट नसतं, हे फेलाही मानायचा. तरी गाणी फेलाची. 1979 च्या सुमारास ॲलननं बँड सोडला, त्यात पैशाचेही प्रश्न होते. तिकडे जेम्स ब्राऊनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड याची गत याहून वाईट. 1970 च्या ‘फंकी ड्रमर’मधला त्याचा काही सेकंदांचा तुकडा हजाराहून जास्त गाण्यांत वापरला गेला, हिप-हॉपचा पाया झाला. त्याला त्याची रॉयल्टी मिळाली नाही, कारण तो गाण्याचा लेखक नव्हता.

आपल्याकडेही असंच. 1951 चा ‘अलबेला’ घ्या. भगवानदादांच्या त्या नाचावर आजही वरातीत माणसं नाचतात. संगीत सी. रामचंद्रांचं, पुणतांब्याच्या माणसाचं. त्यांच्याबरोबर होता गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. तो आणि त्याचा बँड त्या सिनेमात पडद्यावरही दिसतात. पण दिसणं वेगळं आणि गाणं त्यांचं म्हणून ओळखलं जाणं वेगळं.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची मूळ व्याख्या होती ती अशी: सुरावट आणि हार्मनी, किंवा दोन्हींपैकी एक, आणि तीही लिहून-छापून ठेवलेली. तालाचा शब्दच नाही! 1994 मध्ये व्याख्या बदलली, वादकालाही त्याच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. म्हणजे त्या रात्रीच्या वाजवण्यावर. ठेक्यावर नाही.

होळीला गावी गेलो. काकाजींच्या मुलानं त्यांना रील दाखवली. ते बांधावर बसले होते. ऐकून हसले.

“हा त आपलाच ठेका आहे गा बाबू!”

मी म्हणालो, “हो काकाजी, तुमचाच.”

“माहा कायचा?” असं म्हणून त्यांनी चिखलाचा हात धोतराला पुसला, कानाच्या पाळीला लावला आणि आपल्या गुरूचं नाव घेतलं. ते गुरू कधीचे गेलेत. त्यांनीही तो कोणाकडून तरी घेतलेला.

खरं सांगतो, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. काकाजी स्वतःच म्हणतायत माझा नाही. त्यांच्या गुरूचाही नाही. मग परंपरा सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणजे माझीही. हा युक्तिवाद इतका सोयीचा आहे की रात्री झोप लागायला हवी होती.

लागली नाही, कारण तो हात. मी रोज इतरांचा कोड फुकट वापरतो. ज्या एमआयटी लायसन्सवर अर्धं जग चालतं त्याची अट साधी आहे: काहीही करा, विका, बदला, फक्त वरची नावाची ओळ पुसू नका. मी कधीच पुसत नाही, पुसणाऱ्याला आम्ही टीममध्ये चोरच म्हणू. काकाजींनी कानाला हात लावून तीच ओळ जपली होती. ते ‘माझा नाही’ म्हणाले ते पुढच्या नावाकडे बोट दाखवायला. मी ते ऐकलं ‘कोणाचाच नाही’ असं. त्यांच्या नम्रतेचा मी माझ्यासाठी पुरावा करून घेत होतो. मालकी कोणाचीच नसेल, पण म्हणून देणं संपतं का? नदी कोणाच्या नावावर नसते, तरी वरच्या गावानं अडवलं तर खालच्याला कळतं. (गोसेखुर्दच्या आसपासच्या माणसाला ही उपमा जरा जास्तच जवळची आहे, सोडा.)

दुसऱ्या दिवशी पैशांचं विचारलं. काकाजी म्हणाले, ढोलकीची पुडी बदलून दे. मी भंडाऱ्याहून दिली बदलून. ही किंमत झाली की त्यांनी माझी लाज राखली, मला ठरवता येत नाही. किंमत असेल तर फारच स्वस्त, आणि ती ठरवली त्यांनी, मी नाही, एवढाच आधार.

रीलखालचं माझं नाव काढून दोघांची नावं टाकली. ते तोवर बघून झालेल्या लोकांपर्यंत काही पोचलं नाही. आता रूममेटला ट्रॅक ॲपवर चढवायचाय. फॉर्ममध्ये संगीतकाराचा रकाना आहे, वादकाचा आहे, निर्मात्याचा आहे. काकाजींच्या गुरूचं नाव कुठे टाकू, ते विचारायला मी मेल केलाय. तोवर त्याला थांब म्हटलंय, आणि तो माझ्यावर चिडलाय.