उडू न शकणाऱ्या पाखराची अमानत



संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पाथर्डीतील आमच्या मोहल्ल्यातला एक दहा वर्षांचा मुलगा मांज्यात गुरफटलेले पाळीव कबूतर घेऊन मशिदीच्या दारात उभा राहिला. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच देशभर बंदी घातली. तरी दरवर्षी तो गच्च्यांवर येतोच, आणि तो विकत घेणाऱ्यांत आपलीही मुले असतात. पशुवैद्यांनी जखम शिवली, पंख बांधला. पट्टी सुटली तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले, हे पाखरू जगेल, पण उडणार नाही.

मुलाचे वडील जुम्याच्या नमाजनंतर माझ्याकडे आले. “मौलाना, याला सोडून दिले तर सवाब मिळेल ना?” पिंजऱ्यातली पाखरे विकत घेऊन सोडण्याची रीत आपल्याकडे आहेच. मी घाईत होतो. “सोडून द्या, रोजी देणारा अल्लाह आहे,” असे बोलून गेलो. त्यांनी कबूतर गच्चीवर ठेवले. फजरच्या वेळी ते पाण्याच्या टाकीखाली अंग चोरून बसलेले सापडले. शेपटीची पिसे मांजराने उपटली होती. मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. माझे उत्तर चुकले होते.

मांजर कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. त्या स्त्रीने मांजराला मारझोड केली, असे त्यात कोठेही नाही. तिने त्याला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. एवढ्यावरून तिच्या वाट्याला अजाब आला. म्हणजे सोडण्याचा मार्ग आहे, पण तो स्वतःचे पोट भरू शकणाऱ्या जिवासाठी. ज्याचा पंखच गेला, त्याच्याबाबत खाऊ घालणे हा एकच मार्ग उरतो.

मग वडिलांनी हळू आवाजात विचारले, “जबह केले तर?” कबूतर हलाल आहे, आणि खाण्यासाठी जबह करणे जायज आहे. जायज गोष्टीला मी नाजायज म्हणणार नाही. तेवढे सांगून मी त्यांना अबू उमैर यांची गोष्ट सांगितली. हजरत अनस (रजि.) यांच्या या लहानग्या भावाचे एक छोटेसे पाखरू होते. ते मेले आणि मूल उदास झाले, तेव्हा अल्लाहचे प्रेषित (सल्ल.) त्याच्याशी लाडाने त्या पाखराविषयीच बोलले. या छोट्याशा हदीसमधून इब्नुल कास यांनी साठाहून अधिक बोध काढले. पाखरू पाळण्याची परवानगी हा त्यांतला एक. मुलाच्या जिव्हाळ्याची कदर करावी, हा दुसरा.

आता खरी कसोटी. नीट सांभाळलेले कबूतर दहा-पंधरा वर्षे जगते. मांज्यातून सोडवणे हे एका दुपारचे काम होते. त्याचे कौतुक मशिदीत सर्वांनी केले. पुढच्या पंधरा वर्षांचे कौतुक कोणी करणार नाही. हजरत आयशा (रजि.) यांच्या हदीसनुसार अल्लाहला सर्वांत प्रिय अमल तो, जो सातत्याने होतो, मग तो थोडा का असेना. उस्मानी काळात बुर्सा शहरात थव्याबरोबर परतू न शकलेल्या जखमी करकोच्यांसाठी एक घरच होते.

रोजचे काम तसे साधे आहे. ज्वारी, बाजरी, मटकी. चोच बुडेल इतक्या खोल भांड्यात ताजे पाणी, कारण कबूतर चोच बुडवून पाणी ओढते. उडता येत नाही म्हणून बसण्याची फळी जमिनीलगत हवी. पायांना घट्टे पडू नयेत म्हणून खाली मऊ कापड, आणि ते रोज बदललेले. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात सावली हवीच. हनफी फिकहनुसार कबुतराची विष्ठा नापाक नाही. पण वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीला अपायकारक असते, तेव्हा ती ओली करून, नाक झाकून काढावी. (पोपटाची गोष्ट निराळी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला देशी पोपट घरी ठेवता येत नाही; जखमी सापडला तर वनविभागाला कळवावे.)

गेल्या आठवड्यात तो मुलगा आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे घर पंधरा दिवस मामाकडे शेवगावला जाणार आहे, मग कबुतराचे काय? मी म्हणालो, माझ्या हुजऱ्यात आणून ठेव. दाणे किती आणि कधी घालायचे, हे त्याने एका कागदावर लिहून आणून दिले आहे, खाली अधोरेखित केले आहे, “मांजर आत येऊ देऊ नये.”